गिऱ्हाईक पायरीवरूनच परत का जातं? वेबसाइटचा बाऊन्स रेट समजून घेऊया



जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर संध्याकाळी अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. एखादं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं, आत एक नजर टाकतं आणि काही न विचारता खाली उतरतं. जुना दुकानदार लगेच हाक मारतो, "या ना भाऊ, काय दाखवू?" त्या एका हाकेवर काही जण परत फिरतात आणि खरेदी करून जातात.

वेबसाइटवरही हेच घडतं. फक्त तिथे हाक मारायला गल्ल्यावर कोणी बसलेलं नसतं. माणूस येतो, एक पान बघतो आणि निघून जातो. तो आला होता, हेसुद्धा आपल्याला कळत नाही. या निघून जाण्याचं मोजमाप म्हणजे बाऊन्स रेट. व्हिडिओत मी हे स्क्रीनवर दाखवलं आहे. इथे तेच सावकाश लिहितोय, म्हणजे लेख समोर ठेवून तुम्हाला आपल्या साइटवर काम करता येईल. व्हिडिओ बघितला नसेल तरी काही अडणार नाही.

आधी माझीच चूक सांगतो

आमचं जळगावात भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी उभं केलं, आता मी आणि ते मिळून चालवतो. बीबीए झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने दुकानाची वेबसाइट करून घेतली. लग्नसराई तोंडावर होती. आपल्याकडे मुलीच्या लग्नात आंदणाची भांडी घेतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मी ऑनलाइन जाहिरात लावली, "आंदणाचा पूर्ण सेट, एकाच ठिकाणी". पंधरा दिवसांत नऊ हजार रुपये गेले.

रोज रात्री मी मोबाइलवर क्लिक मोजायचो आणि खूश व्हायचो. पंधराव्या दिवशी वडिलांनी विचारलं, "लोक आले म्हणतोस, पण गल्ल्यात काय आलं?" त्या पंधरा दिवसांत जाहिरातीवरून दोन फोन आले होते. त्यातला एक कुकरची शिट्टी बदलून मिळेल का, हे विचारणारा होता.

मग मी अ‍ॅनॅलिटिक्स उघडलं. जाहिरातीवरून आलेल्या शंभरातले ऐंशीहून जास्त लोक पायरीवरूनच परत गेले होते. जाहिरात वाईट नव्हती, लोकांना सेट हवा होता, म्हणून तर ते आले. पण जाहिरातीवर बोट ठेवलं की उघडायचं आमचं मुख्य पान. त्यावर "आपले सहर्ष स्वागत आहे" असा मोठा फिरता फोटो, खाली आमचा इतिहास, त्याखाली कढया आणि डबे. आंदणाचा सेट कुठेच दिसत नव्हता. तो आत तिसऱ्या पानावर होता आणि तिथेही किंमत लिहिलेली नव्हती.

वडिलांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, "दुकानात कोणी सेट मागितला, तर तू त्याला आधी आजोबांचा फोटो दाखवतोस का?" नऊ हजारांचा धडा त्यांनी एका वाक्यात शिकवला. आजचा सगळा विषय याच वाक्याभोवती फिरतो. माणूस काय मागायला आला, ते त्याच्या समोर आधी ठेवा.

बाऊन्स रेट म्हणजे नक्की काय?

याची व्याख्या मध्येच बदलली आहे. इंटरनेटवरचे बरेच जुने लेख जुनीच व्याख्या सांगतात, म्हणून हा भाग नीट वाचा.

वेबसाइटवर कोणी एकदा येऊन जातं, त्या एका फेरीला सेशन म्हणतात. गूगल अ‍ॅनॅलिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत माणसाने एकच पान बघितलं आणि दुसरं काहीच केलं नाही, की तो बाऊन्स धरला जायचा. मग तो त्या पानावर पाच सेकंद थांबलेला असो की पाच मिनिटं वाचत बसलेला असो. ती जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नवीन आकडे घेणं थांबवून बंद झाली.

आता आपण वापरतो ते गूगल अ‍ॅनॅलिटिक्स ४, म्हणजे जीए-फोर. यात आधी बघितलं जातं की माणूस गुंतला का. पुढच्या तीनपैकी एक जरी गोष्ट झाली, तरी त्या सेशनला एंगेज्ड धरतात:

१. माणूस साइटवर १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला.
२. त्याने दोन किंवा जास्त पानं बघितली.
३. त्याने तुम्ही महत्त्वाचं म्हणून ठरवलेलं एखादं काम केलं, उदाहरणार्थ ऑर्डर दिली किंवा फॉर्म भरला. याला की इव्हेंट म्हणतात.

यातलं काहीच झालं नाही, तर तो बाऊन्स. समजा आठवड्यात २०० सेशन झाली आणि त्यातली ९० एंगेज्ड होती. उरली ११०. म्हणजे बाऊन्स रेट ५५ टक्के आणि एंगेजमेंट रेट ४५ टक्के. दोन्हींची बेरीज नेहमी १०० येते. म्हणून रिपोर्टमध्ये फक्त एंगेजमेंट रेट दिसत असेल, तरी १०० मधून तो वजा करा, तुमचा बाऊन्स रेट तयार.

फरक किती पडतो बघा. कोणी तुमच्या साइटवर खानदेशी भरीत कसं करायचं हे तीन मिनिटं वाचलं आणि भाजायला वांगी घ्यायला निघून गेलं. जुन्या हिशोबात तो बाऊन्स होता, नव्या हिशोबात नाही. त्यामुळे कोणी जुना आकडा दाखवून "तुमचा इतका होता, मी इतका करून दिला" असं म्हणालं, तर आधी विचारा, दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेत का? एक शेरात आणि दुसरा किलोत मोजून तुलना होत नाही.

परत गेलेला प्रत्येक माणूस नाराज नसतो

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. इथल्या सोन्याच्या भावावर बाहेरगावच्या लोकांचंही लक्ष असतं. समजा एका सराफाने आपल्या साइटवर रोजचा भाव टाकला. सकाळी लोक मोबाइलवर ते पान उघडतात, चार सेकंदांत भाव बघतात आणि बंद करतात. जीए-फोर याला बाऊन्स म्हणेल. पण त्या माणसाचं काम झालं आणि उद्या सकाळी तो पुन्हा याच पानावर येईल. भाव लपवून त्याला दहा सेकंद थांबवलं, तर आकडा सुधारेल आणि गिऱ्हाईक दुसऱ्या सराफाकडे जाईल.

दुकानाची वेळ, पत्ता, फोन नंबर सांगणाऱ्या पानांचंही असंच असतं. म्हणून "चांगला बाऊन्स रेट किती?" हा प्रश्न मला कोणी विचारला, की मी उलट विचारतो, कोणत्या पानाचा? त्या पानावर माणूस कशासाठी येतो, हे ठरवल्याशिवाय आकड्याला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही.

एकच आकडा घेऊन बसू नका, फोड करून बघा

धुळ्यातल्या एका काल्पनिक ताईंचं उदाहरण घेऊ. ताई घरून काळा मसाला, बिबडे आणि कळण्याचं पीठ विकतात. त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक पुण्यात आणि सुरतेला राहणारं, म्हणजे आपलेच खानदेशी लोक. यातले सगळे आकडे मी समजवण्यासाठी धरले आहेत.

एका आठवड्यात साइटवर ४०० सेशन झाली.

भरिताच्या रेसिपीच्या पानावर, गूगलवरून: २५० सेशन, १५० बाऊन्स, म्हणजे ६० टक्के.
काळ्या मसाल्याच्या पानावर, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून: १०० सेशन, ४० बाऊन्स, म्हणजे ४० टक्के.
मुख्य पानावर, इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरून: ५० सेशन, ४५ बाऊन्स, म्हणजे ९० टक्के.

पूर्ण साइटचा बाऊन्स रेट निघतो जवळपास ५९ टक्के. हा एकच आकडा बघून ताई म्हणतील, "बरं चाललंय की!" पण दुखणं तिसऱ्या ओळीत आहे. एका क्लिकला ६ रुपये धरले, तर ४५ लोकांचे २७० रुपये एका आठवड्यात गेले. चार आठवड्यांत १,०८० रुपये. तेवढ्यात किती मसाल्याची पाकिटं भरली असती, हे ताईच सांगू शकतील.

रेसिपीच्या ६० टक्क्यांची काळजी करायची गरज नाही. तिथे लोक फुकट आलेत, वाचायला आलेत. फक्त रेसिपीच्या शेवटी एक ओळ टाकायची, "सोबत कळण्याची भाकरी हवी ना? पीठ इथे मिळेल" आणि पिठाच्या पानाची लिंक. शंभरातले चार जण जरी तिकडे गेले, तरी फायदाच आहे.

ही फोड जीए-फोरमध्ये अशी करायची. रिपोर्ट्समध्ये ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन उघडा. लोक कुठून आले आणि त्या प्रत्येकाचा एंगेजमेंट रेट किती, हे तिथे दिसतं. मग लँडिंग पेजचा रिपोर्ट उघडा. लँडिंग पेज म्हणजे माणूस साइटवर आल्यावर त्याला पहिलं दिसलेलं पान. या रिपोर्टमध्ये बाऊन्स रेटचा रकाना सहसा आपोआप नसतो. वर कोपऱ्यात पेन्सिलचं चिन्ह असतं, त्यातून मेट्रिक्समध्ये जाऊन तो जोडून घ्या. पेन्सिल दिसत नसेल, तर तुम्हाला खात्यावर एडिटरचा अधिकार दिलेला नाही. साइट करून देणाऱ्याकडून तो मागून घ्या. खातं तुमच्या धंद्याचं आहे, किल्ली तुमच्याकडेच हवी.

आकडा बघताना तीन गोष्टी सांभाळा. आठवड्याला तीसच सेशन होत असतील, तर टक्केवारीवर विश्वास ठेवू नका, दोन माणसं इकडची तिकडे झाली की आकडा उड्या मारतो. महिनाभराचं एकत्र बघा. मोबाइल आणि कॉम्प्युटर वेगळे करून बघा. आणि स्वतःच्या, घरच्यांच्या, साइट करणाऱ्याच्या फेऱ्या सेटिंगमध्ये जाऊन वगळा, नाहीतर आपणच आपल्या दुकानात चकरा मारून गर्दी मोजतोय असं होईल.

लोक परत का जातात? पाच कारणं

पहिलं कारण, बोलावलं एकासाठी आणि दाखवलं दुसरंच. माझं झालं ते हेच. जाहिरातीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये किंवा गूगलवर दिसणाऱ्या ओळीत जे शब्द असतात, तेच शब्द पानाच्या पहिल्या ओळीत दिसले पाहिजेत. "खानदेशी काळा मसाला, अर्धा किलो" अशी जाहिरात असेल, तर पान थेट त्याच मसाल्याचं उघडलं पाहिजे.

चुकीच्या माणसाला बोलावणं हासुद्धा याचाच भाग. नुसतं "जळगाव" लिहिलं, तर बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदचे लोकही तुमच्या पानावर येऊ शकतात. गूगल जाहिरातीत ठिकाण निवडताना एक पर्याय आधीच निवडलेला असतो. त्याने त्या गावात असलेल्या लोकांसोबत, त्या गावाबद्दल नुसता रस दाखवणाऱ्या लोकांनाही जाहिरात दिसते. तुमचं फक्त दुकानातलं गिऱ्हाईक असेल, तर तो बदलून "त्या ठिकाणी असलेले लोक" एवढंच ठेवा. सुरतेच्या खानदेशी माणसाला मसाला पाठवायचा असेल, तर मात्र सुरत वेगळी निवडा.

दुसरं कारण, पान उघडायलाच वेळ लागतो. गूगलने २०१६ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर ५३ टक्के भेटी अर्ध्यातच सोडल्या जातात. आणि आपलं गिऱ्हाईक कुठे बसलेलं असतं? एसटीत, शेतात, बाजारात. नेटवर्क दोन दांड्यांचं.

छोट्या साइट मंद होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जड फोटो. कॅमेऱ्यातून निघालेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करा, वेबपी प्रकारात बदला, शक्यतो २०० केबीच्या आत आणा. स्क्वूश नावाच्या फुकट साधनाने हे ब्राउझरमध्येच होतं. मग गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर आपला पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. त्यात एलसीपी नावाचा आकडा असतो, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत असेल, तर गूगल त्याला चांगलं म्हणतं. मुख्य पानावरचा फिरता फोटो काढून टाकला, तरी कित्येकदा निम्मं काम होतं.

तिसरं कारण, किंमत लपवलेली असते. "किमतीसाठी संपर्क करा" हे वाक्य आपण दुकानदार फार प्रेमाने लिहितो. आपल्याला वाटतं, फोन आला की समजावून विकू. गिऱ्हाईकाला वाटतं, महाग असेल, उगाच कशाला विचारा. ठरावीक किंमत सांगता येत नसेल, तर "सेट इतक्यापासून सुरू" असं लिहा. वजन, माप आणि पाठवायचा खर्चही लिहा. मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर, बोट न सरकवता, वस्तूचं नाव, फोटो, किंमत आणि एक बटण दिसलंच पाहिजे.

चौथं कारण, भरवसा वाटत नाही. दुकानात माणूस तुमचा चेहरा बघतो. साइटवर काय बघणार? दुकानाचा खरा फोटो टाका, पूर्ण पत्ता द्या, फोन उचलायची वेळ लिहा, माल परत घ्यायची अट स्पष्ट सांगा. ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता आणि संपर्क दाखवला पाहिजे, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्येही आहे. खाण्याच्या वस्तू असतील, तर एफएसएसएआयचा नंबर दिसू द्या. इंटरनेटवरून उचललेले गुळगुळीत फोटो लावू नका. ताईंच्या बिबड्यांचा अंगणात वाळतानाचा साधा मोबाइल फोटो जास्त विश्वासाचा वाटतो.

पाचवं कारण, पुढे काय करायचं ते कळत नाही, किंवा वाटेत अडथळा असतो. पानावर एकाच वेळी कॉल करा, फॉर्म भरा, फॉलो करा, अ‍ॅप घ्या अशी चार बटणं असतील, तर माणूस एकही दाबत नाही. एक मुख्य बटण ठेवा. आपल्याकडे बहुतेक धंद्यांना ते व्हॉट्सअ‍ॅपचंच सोयीचं पडतं. पान उघडताच तोंडावर येणारी चौकट तर काढूनच टाका. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा चौकटी असलेली पानं शोधात मागे पडू शकतात, असा नियम गूगलने जानेवारी २०१७ पासून लावलेला आहे.

फोन वाजत होता, आकडा हलत नव्हता

आता माझ्या गोष्टीचा दुसरा भाग. मी आंदणाच्या सेटचं वेगळं पान केलं. वर फोटो, "२१ भांड्यांचा सेट", किंमत, जळगाव शहरात घरपोच, खाली फोनचं मोठं बटण. जाहिरात थेट या पानावर आणली. चौथ्या दिवसापासून फोन यायला लागले. आठवड्याने मी बाऊन्स रेट बघितला, तर तो जेमतेम खाली आलेला. मला वाटलं, पान फसलं. मी ते काढून टाकायच्या बेतात होतो.

वडील म्हणाले, "फोन वाजतोय ना? मग पान कशाला मोडतोस?" तेव्हा मी शोधायला लागलो आणि कारण सापडलं. लोक पान उघडायचे, किंमत बघायचे आणि सात-आठ सेकंदांत फोनचं बटण दाबायचे. दहा सेकंद झाले नाहीत, दुसरं पान बघितलं नाही, आणि फोनच्या बटणावरचं बोट जीए-फोर आपोआप मोजत नाही. म्हणजे माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक बाऊन्समध्ये जमा होत होतं!

ही चूक तुम्ही करू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरचं क्लिक जीए-फोर सहसा बाहेर जाणारं क्लिक म्हणून नोंदवतं, पण त्याला महत्त्वाचं मानत नाही. अ‍ॅडमिनमध्ये जाऊन त्या लिंकसाठी वेगळा इव्हेंट बनवा आणि त्याला की इव्हेंट म्हणून खूण करा. फोनच्या बटणासाठी गूगल टॅग मॅनेजरमधून मोजणी बसवावी लागते. स्वतःला जमत नसेल, तर साइटवाल्याला नेमकं एवढंच सांगा, "फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण की इव्हेंट म्हणून मोजून द्या." हे बसवल्यावर माझा आकडाही खाली आला. पान तेच होतं, मोजमाप सरळ झालं.

आकड्याला फसवू नका

बाऊन्स रेट खोटा कमी करणं फार सोपं आहे. एका पानाची दोन पानं करा, लोकांना उगाच क्लिक करायला लावा, पान तीन सेकंद उघडं राहिलं की की इव्हेंट धरा. आकडा छान दिसेल, गल्ला तसाच राहील. आणि बाऊन्स रेट अगदी शून्याजवळ दिसला, तरी पेढे वाटू नका. बऱ्याचदा अ‍ॅनॅलिटिक्सचा कोड साइटवर चुकून दोनदा बसलेला असतो आणि एक पान दोन पानं म्हणून मोजलं जातं.

माणसं पानावर काय करतात, हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे साधन फुकट आहे. लोकांनी कुठे बोट लावलं, कुठपर्यंत खाली सरकले, कुठून परत गेले, याचं रेकॉर्डिंग त्यात दिसतं. वापरणार असाल, तर साइटच्या गोपनीयता धोरणात तसं लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवारी लँडिंग पेजचा रिपोर्ट उघडा आणि ज्यावर सगळ्यात जास्त लोक येतात, अशी तीन पानं वहीत लिहा. प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहा: "या पानावर माणूस कशासाठी येतो?"

मंगळवारी ज्या पानावर पैसे देऊन लोक आणता, ते उघडा. घरातल्या अशा माणसाच्या हातात मोबाइल द्या, ज्याने तुमची साइट कधी बघितली नाही. आई, काका, शेजारची वहिनी, कोणीही चालेल. दहापर्यंत मनात मोजा आणि मोबाइल परत घ्या. विचारा, "इथे काय विकतात? केवढ्याला? घ्यायचं असेल तर काय करायचं?" तीनपैकी जे उत्तर येणार नाही, तिथूनच तुमचं गिऱ्हाईक परत जातंय.

बुधवारी फोटो हलके करा. गुरुवारी फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपची मोजणी तपासा. शुक्रवारी पानावर एकच बदल करा, एकच. चार बदल एकदम केले, तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. तारीख वहीत लिहून ठेवा आणि दोन ते चार आठवडे थांबा. मग बाऊन्स रेट आणि आलेले फोन शेजारी शेजारी लिहून बघा. दोन्ही सुधारले, तर बदल ठेवा. फक्त आकडा सुधारला आणि फोन तेवढेच राहिले, तर अजून शोधायचं बाकी आहे.

आमच्या दुकानात आता मी रोज रात्री क्लिक मोजत नाही. दर सोमवारी सकाळी वही घेऊन बसतो. एका बाजूला वेबसाइटचे आकडे लिहितो, दुसऱ्या बाजूला वडील त्या आठवड्यात ऑनलाइनवरून किती गिऱ्हाईकं आली ते सांगतात. त्यांना जीए-फोर अजूनही उघडता येत नाही. पण पान बदलायचं असलं की ते मी त्यांनाच आधी दाखवतो. दहा सेकंदांत त्यांना सेट आणि किंमत सापडली, तरच ते पान साइटवर जातं.

पुढच्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकशीचं ऑर्डरमध्ये रूपांतर कसं करायचं, ते बघू. तोपर्यंत मंगळवारचा प्रयोग नक्की करा. भेटूया!